लटकनातलं मांजर

आधीच सांगून टाकते, मांजर मी मारलं. विष घातलं नाही की पोत्यात भरून कुठे सोडून आले नाही. सुईने मारलं, तीन आठवडे खुर्चीत बसून, टाके मोजून मोजून. एरवी माझ्या हातून मुंगी मेली तरी दोन मिनिटं हळहळणारी बाई मी. पण वेळच तशी आली, आणि ती मीच माझ्यावर ओढवून घेतली होती. दुसऱ्या कोणाला बोल लावायला जागाच नव्हती, नाहीतर मी तो नक्की लावला असता.

मी सदुसष्ट वर्षांची आहे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं ट्रेसर होते. म्हणजे इंजिनिअर लोक जे खरडायचे ते मी पारदर्शक कागदावर शाईने नीट उतरवून काढायचे, कुठली पाइपलाइन कुठे वळते, कुठे व्हॉल्व्ह आहे, कुठे टाकी. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे सगळे आता वर गेले, त्यामुळे तोही त्रास संपला. तिसऱ्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत, एक बाल्कनी आहे, आणि रक्ताचं म्हणाल तर एक धाकटी बहीण. ती बसने नऊ तासांवर दुसऱ्या गावात राहते. नवरा, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात अशा भरल्या घरात.

आमच्या आईला जाळीवरच्या भरतकामाचं वेड होतं. जाळी म्हणजे चाळणीसारखी बारीक भोकं असलेलं ताठ कापड. एकेका भोकावर एकेक तिरका टाका घालत गेलं की चित्र भरत जातं, आणि शेवटी जाळीचा धागासुद्धा दिसत नाही. वर्षअखेरच्या सुट्टीत घरातल्या प्रत्येकाने तळहाताएवढं एक लटकन करायचं, हा तिचा नियम. चित्र काढायचं ते त्या वर्षात आपल्या बाबतीत खरोखर घडलेल्या एकाच गोष्टीचं. दुसऱ्याची गोष्ट चालायची नाही, मनातली तर मुळीच नाही. मग ती सगळी लटकनं खिडकीत टांगलेल्या एका वाळक्या फांदीला लावायची. एका वर्षी बाबांना काही सुचेना, तेव्हा त्यांनी आपली काढून टाकलेली दाढ भरली, तिन्ही मुळांसकट. सुट्टीभर ती खिडकीत लोंबत होती आणि आलागेला माणूस विचारायचा, हे स्टूल कशाला भरलंय.

आईबाबा गेले, ते घर गेलं, पण लटकनं राहिली. धाकटी तिचं मला पोस्टाने पाठवते, मी माझं तिला. तिच्याकडे दरवर्षी भरायला हे एवढं असतं. मुलाचं लग्न, नवं दुकान, नवऱ्याच्या छातीतली झडप, नात. तिचे टाके म्हणजे काय सांगावं. एक ओढलेला, एक ढिला, आणि सूनबाईचा चेहरा भोपळ्याएवढा. लहानपणी मी तिचं सगळं उसवून पुन्हा घालून द्यायचे. आता नऊ तासांवरून काय उसवणार. मी ते खिडकीच्या कडीला टांगते आणि येताजाता त्याच्यावर चिडते. चिडायला का होईना, कोणीतरी असतं.

माझी पंचाईत वेगळी होती. हातात कला आहे, मागची बाजूसुद्धा पुढच्यासारखी नीट येते, पण भरायचं काय? रिटायर झाल्यावर पहिल्या वर्षी निरोपाचं घड्याळ भरलं. दुसऱ्या वर्षी नवा चष्मा. तिसऱ्या वर्षी बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त झाली ती भरली. धाकटी वाढदिवसाच्या फोनवर हळूच म्हणाली होती, ताई, लिफ्ट? दोनच शब्द, पण मला ते लागले. तिचा फोन वर्षातून दोनदा, तिच्या वाढदिवसाला आणि माझ्या. पाच मिनिटं, मागे टीव्ही चालू, मधेच कोणीतरी तिला हाक मारणार, आणि ती म्हणणार, ठेवते गं.

तर पाच वर्षांपूर्वी माझे गुडघे धरले. संध्याकाळभर मी खुर्चीत गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायचे. त्या वर्षीचं खरं म्हणजे तेच, म्हणून मी तेच भरलं. आलेख कागदावर एक चौकोन म्हणजे एक टाका. मी, खुर्ची, मांडीवर पिशवी. पिशवीला मी तपकिरी लोकरीचं कव्हर विणलं होतं, ते पट्ट्यापट्ट्यांचं, वरच्या बाजूला दोन टोकं आलेलं. एवढ्याशा चित्रात पिशवीच्या वाट्याला नऊ चौकोन लांबी आणि सहा चौकोन उंची आली. एकतीस वर्षं नकाशे काढणाऱ्या बाईला कळायला हवं होतं की नऊ बाय सहामध्ये दोन टोकं असलेली तपकिरी वस्तू म्हणजे काय दिसतं. नाही कळलं. मला माहीतच होतं ना ती पिशवी आहे म्हणून.

पार्सल पोचलं आणि धाकटीचा फोन आला. ना तिचा वाढदिवस, ना माझा.

"ताई, अगं मांजर कधी आणलंस?"

मी काही बोलायच्या आत ती बोलतच सुटली. किती गोड दिसतंय, कसं मांडीवर वेटोळं करून बसलंय, सगळ्यांनी पाहिलं, नवऱ्याने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, तू एकटी असतेस ना, रात्रंदिवस जिवाला घोर असायचा माझ्या, आता जरा बरं वाटेल. तिच्या जिवाला घोर असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बावीस मिनिटं बोललो आम्ही. मागचा टीव्ही तिने स्वतः उठून बंद केला. शेवटी तिने विचारलं, नाव काय ठेवलंस? माझ्या तोंडून निघून गेलं, "गाठोडं." ती इतकी हसली की मला आमची लहानपणची खोली आठवली, दोन खाटा आणि मधे भिंतीवरची ओल. फोन ठेवला तेव्हा पिशवी गार झाली होती आणि माझ्याकडे मांजर होतं.

पुढच्या वर्षी मात्र मी जाणूनबुजून केलं. तोंडाने खोटं बोलायला मला जमत नाही, कान लाल होतात. सुईने जमतं. सुईला कोण विचारणार? खिडकीच्या कट्ट्यावर बसलेलं गाठोडं भरलं, एक पुढचा पंजा पांढरा, शेपटीला फिकट आणि गडद असे दोन तपकिरी. वाचनालयातून मांजरांचं पुस्तक आणून बसण्याची ढब पाहून घेतली. फोन आला, पंचवीस मिनिटं. मला चटक लागली, दुसरं काय. त्याच्या पुढच्या वर्षी गुरुवारवाली आली. गुरुवारवाली म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या रिटायर्ड नर्सबाई. त्या दर गुरुवारी माझ्याकडे पत्ते खेळायला येतात, असं मी टेबल, चार पत्ते आणि दोन डोकी काढून भरलं. खऱ्या आयुष्यात आम्ही लिफ्टमध्ये भेटतो आणि कुठला मजला हे एकमेकींना विचारतो, जे दोघींनाही माहीत असतं. मग बाल्कनीतली फुलं आली, लाल, पिवळी, जांभळी. प्रत्यक्षात एक कुंडी आहे आणि तिच्यात काडी आहे. आईला कळलं असतं तर तिने सगळी लटकनं उसवायला लावली असती.

धाकटीचा घोर कमी झाला, हे खरं. इतका कमी झाला की मधल्या वर्षी ती माझा वाढदिवसही विसरली. दुसऱ्या दिवशी फोन केला आणि म्हणाली, तुला काय, तुझं छान चाललंय, गुरुवारवालीने केक कापला असेल. मी म्हटलं, हो.

आणि मग या वर्षी, सुट्टीला दोन महिने असताना, तिचा फोन. नातीने हट्ट धरलाय, मोठ्या आजीचं गाठोडं बघायचंच म्हणते. आम्ही दोघी येतो, चार दिवस. तुला चालेल ना गं?

चौदा वर्षं मी या घरात राहते आहे आणि धाकटी एकदाही आलेली नाही. भांडण नाही, काही नाही. आधी मुलाची परीक्षा, मग दुकान, मग नवऱ्याची झडप, मग बाळ. मी दोनदा गेले तिच्याकडे. सगळे माझ्यासाठी इतकं जपून वागत होते, टीव्हीचा आवाज कमी, नातवंडाची खाट मला, की तिसऱ्यांदा जायचं जिवावर आलं. तेव्हा "येतो" ऐकल्यावर माझं काय झालं असेल? फोन ठेवून मी घरभर उगाच फिरले. दोन खोल्यांत किती फिरणार, पण फिरले. कुठली चादर काढायची, नातीला भिंतीकडे झोपवायचं की कडेला, सगळं ठरवून टाकलं. मग नजर खिडकीच्या रिकाम्या कट्ट्यावर गेली.

फुलांचं एक वेळ निभावलं असतं, थंडीने जळली म्हटलं असतं. गुरुवारवाली मुलाकडे गेलीय म्हटलं असतं. मांजराचं काय करणार? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात एक मांजर काउंटरवर बसतं, ते चार दिवस उसनं मागावं असंही डोक्यात आलं. गेलेही. दुकानदाराला आडून आडून विचारलं, हे कोणाकडे राहतं का हो? तो म्हणाला, ते माझ्याकडेसुद्धा राहत नाही, फक्त बसतं. मी हात पुढे केला तर मांजराने असा फिस्कारा टाकला की मी खोकल्याचं औषध घेऊन परत आले. शिवाय ते पांढरं होतं. नातीला पांढरा फक्त एक पंजा हवा होता.

शेवटी दुसरा मार्ग उरला नाही. या वर्षीचं लटकन जरा लवकर करायचं, गाठोडं गेलं म्हणून कळवायचं, आणि त्या दोघी येईपर्यंत बातमी शिळी होऊ द्यायची. आल्यावर चार उसासे टाकायचे, की झालं. मला ही योजना फार हुशारीची वाटली. नकाशावर काट मारावी तशी मी मांजरावर मारून मोकळी झाले.

पण नसलेलं मांजर काढायचं कसं? असलेलं काढणं सोपं, दोन टोकं काढली की झालं, ते मला कळून चुकलं होतं. मी बहात्तर बाय बहात्तरचा चौकोन आखला आणि त्यात रिकामी उशी काढली. पहिल्या कागदावर ती बटाट्यासारखी आली. दुसऱ्यावर शेजारी वाटी ठेवली, तर ते दवाखान्याच्या पाटीसारखं दिसायला लागलं. तिसऱ्यावर मला उलगडलं, की उशी काढायचीच नाही, उशीत पडलेला खळगा काढायचा. मधे गडद निळसर करडा, त्याच्याभोवती मधला, कडेला फिकट. कोणीतरी रोज तिथेच बसून बसून दबलेली जागा. पाच कागद फुकट गेले आणि सहाव्यावर ती जागा अशी काही उतरली की मी खडू खाली ठेवला आणि थोडा वेळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

मग जाळी कापली, कडांना चिकटपट्टी लावली, मध्य शोधून तिथून सुरुवात केली. दोरा हातभर घ्यायचा. लांब घेतला की जाळीतून जाऊन जाऊन पिंजतो. गाठ मारायची नाही, टोक मागच्या टाक्यांखाली दाबून टाकायचं. रोज सकाळी उजेड आला की बसायचं आणि उजेड गेला की उठायचं. खळगा संपायला नऊ दिवस लागले. त्यानंतर मी एक दुष्टपणा केला. त्या उशीवर तपकिरी दोऱ्याच्या एकाच पदराने इकडेतिकडे सात केस घातले. मांजर गेल्यावर घरात केस राहतातच ना. तसं पुस्तकात नव्हतं, मला आपोआप सुचलं. सातवा केस घालताना माझ्या डोळ्यांतून पाणी येऊन टपकन जाळीवर पडलं.

मी रडले. कशासाठी रडले ते सांगते, लपवून काय करू. गेली पाच वर्षं संध्याकाळी कुलूप उघडताना मी मनात म्हणायचे, आले रे बाबा. कोणाला म्हणायचे? गरम पाण्याच्या पिशवीला? मला माहीत होतं तिथे काही नाही. पण आता ते मेलं होतं आणि आता मला तेवढंसुद्धा म्हणता येणार नव्हतं. त्या दिवशी दूध आणायला खाली जाताना लिफ्टमध्ये नर्सबाई होत्या. त्यांनी माझे डोळे पाहिले आणि विचारलं, घरात कोणी गेलं का? नर्सच ती, तिला कळणारच. मी म्हटलं, नाही, घरात कोणी नाही. त्यांनी तळमजल्याचं बटण दाबलं. ते आधीच दाबलेलं होतं.

पार्श्वभूमी भरायला आणखी आठ दिवस. सगळे टाके एकाच बाजूला तिरके, त्यामुळे काम होईतो जाळीही एका बाजूला कलते. ती ओली करून लाकडी फळीवर टाचण्यांनी चौकोनात ताणून दोन दिवस वाळवावी लागते. मग मागे पुठ्ठा, कापूस, निळं कापड, कडेने पीळ दिलेली दोरी आणि वर टांगायला फास. खाली वर्षाचा आकडा भरला. बाकी एक अक्षर नाही, आमच्यात चिठ्ठी लिहायची पद्धत नाही. लटकन इतकं सुंदर झालं होतं की पोस्टातल्या बाईने खोकं बंद करण्याआधी एकदा बोट फिरवून पाहिलं. उशी का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

त्यानंतरचे दहा दिवस माझे फार चांगले गेले. पडदे धुतले. कुंडीतली काडी उपटून बाजारातून फुलं आलेलं रोप आणून खोचलं. नातीसाठी छोटी गादी शिवून घेतली. गादीवाला म्हणाला, बाई, एवढीशी कोणासाठी, आणि मी त्याला सगळं खानदान सांगितलं, त्याने मला थांबवेपर्यंत. दोन टूथब्रश आणून ठेवले. माणूस आपला ब्रश आपण आणतो हे मला माहीत आहे. पण आणले.

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सुट्टीला चार दिवस होते. धाकटीचा आवाज दबलेला. लटकन मिळालं म्हणाली. ताई, काय गं हे, कसं झालं, त्रास झाला का त्याला? मी म्हटलं, झोपेत गेलं. माझे कान तापले. मग ती म्हणाली, पोर दोन दिवस रडतेय, लटकन उशाशी घेऊन झोपते. ते केस बघितले ना, तेव्हा तर मीसुद्धा. आणि आता ती यायला तयार नाही, गाठोडं नाही तर मला तिथे नाही जायचं म्हणते. तेव्हा मुलाने ठरवलंय, तिचं मन रमेल म्हणून सगळ्यांनी समुद्रावर जायचं. मलाही घेऊन चाललेत. मी विचार केला, तुलाही आत्ता घरात माणसं नकोशीच वाटत असतील. मला कळतं गं. आणि तुझी गुरुवारवाली आहेच सोबतीला. आम्ही पुढच्या वर्षी नक्की येतो.

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "बरं" हा शब्द मी आयुष्यभर इतका वापरला आहे की तो माझ्या तोंडातून मला न विचारता निघतो.

मग मी संतापले. आधी त्या पोरीवर. सहा वर्षांची पोर, न पाहिलेल्या मांजरासाठी रडते आणि जिवंत आजी नको म्हणते. मग तिच्या बापावर, त्याच्या समुद्रावर. मग धाकटीवर. म्हणजे बाईसाहेब मला भेटायला येतच नव्हत्या, मांजराला भेटायला येत होत्या. मी छोट्या गादीला लाथ मारली आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की तिच्यावरच बसले. बसल्यावर डोकं जरा थाऱ्यावर आलं. पाच वर्षं मी तिला काय पाठवलं होतं? ताईकडे मांजर आहे, मैत्रीण आहे, बाग आहे, ताईला कशाची कमी नाही, यायची गरज नाही. एकेक टाका मोजून मी हेच लिहिलं होतं. तिने ते बरोबर वाचलं, यात तिचा काय दोष? ती मला एकटं सोडत नव्हती. मी एकटी आहे हे तिला सांगायचं धाडसच मला झालं नव्हतं.

मी तिथूनच, गादीवरून, फोन लावला. तिनेच उचलला. मागे बॅगा भरल्याचा, कोणीतरी कोणावर तरी ओरडल्याचा आवाज.

"गाठोडं मेलं नाही," मी म्हटलं.

"म्हणजे? सापडलं?"

"नव्हतंच. मांजर नव्हतंच कधी."

आणि मग मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा "बरं" म्हटलं असतं. गरम पाण्याची पिशवी, तिची दोन टोकं, वाचनालयातलं पुस्तक, औषधाच्या दुकानातला फिस्कारा, सगळं सांगितलं. तू फोनवर हसलीस म्हणून मी बोलले नाही, हेही सांगितलं. मागचे आवाज हळूहळू कमी झाले. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी, कारण दार लागल्याचं ऐकू आलं.

"आणि गुरुवारवाली?" तिने विचारलं.

"पहिल्या मजल्यावर राहते. लिफ्टमध्ये दिसते."

"फुलं?"

"कालपरवा आणली, तू येणार म्हणून."

मला वाटलं आता रागावणार, आणि रागवावं तिने, तिचा हक्क होता. तिच्या नातीला मी दोन दिवस रडवलं होतं.

"मग ताई, तिथे आहे तरी कोण?"

"मी आहे," मी म्हटलं. "एकटी आहे. मला नाही राहवत गं आता. तू ये."

हे मी आयुष्यात कोणालाही म्हटलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. म्हटल्यावर मी डोळे मिटून बसले, डॉक्टर सुई टोचत असताना माणूस बसतो तसं.

धाकटीने नाक शिंकरलं. मग म्हणाली, समुद्राचं बघते, ते जातील त्यांचे ते. आणि मग विचारलं, बसमधून उतरायचं कुठे? दर वर्षी पार्सलवर माझा पत्ता ती पिनकोडसकट बिनचूक लिहिते, पण माझ्या दारापर्यंत यायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं. कसं असणार. मी स्टॉप सांगितला, पेट्रोल पंपाच्या पुढचा. बिल्डिंगचा रंग सांगितला. लिफ्टचं दार दोन्ही हातांनी ओढावं लागतं हे सांगितलं. ती लिहून घेत होती, आणि बहुतेक पेन चालत नव्हतं, कारण मजला तिने मला दोनदा सांगायला लावला.